थकवा, थायरॉईड आणि सैंधव मीठ: माझा अनुभव

आमच्या अमळनेर-चोपड्याकडे बाईच्या थकव्याला कारणं आयतीच असतात. नवी सून असेल तर कामाची सवय नाही, लेकुरवाळी असेल तर बाळंतपणात अंग नीट भरलं नाही, चाळिशीला टेकली असेल तर आता हे व्हायचंच. मला तिन्ही सांगून झाली. खरं कारण कळायला जवळजवळ वर्ष गेलं आणि तेही एक नव्हतं, दोन निघाली.

थकवा कसला ते आधी सांगते. रात्री झोप लागायची, तरी सकाळी अंग उचलायचं नाही. शाळेत फळ्यावर लिहिताना हात वर धरवायचा नाही. मे महिन्यात पारा ४४ वर, घरातले सगळे कूलरसमोर लोळतायत आणि मी चादर घेऊन आतल्या खोलीत! खान्देशात मे महिन्यात थंडी वाजते म्हणणाऱ्या बाईकडे लोक कसे बघतात ते इथल्यांना सांगायला नको. बांगड्या मनगटात चढेनात. आवाज घोगरा झाला. भाकरी अर्ध्यावर आणली तरी वजनाचा काटा पुढेच. पोट साफ होईना, केसांचा गुंता रोज कंगव्यात. आणि पाळीत अंगावरून इतकं जायचं की पहिले दोन दिवस शाळेत उभं राहणं कठीण.

श्रावणात आमच्याकडे कानबाई देवी बसते. रोटांचं दळण, पुरण, पाहुणे, वर रात्रीचं जागरण. आदल्या वर्षापर्यंत मी गाणी म्हणण्यात पुढे असायचे. त्या वर्षी पहिल्याच गाण्याला भिंतीला टेकून झोपले. सकाळी सासूबाई म्हणाल्या, "काय व्हयनं व तुले? सदा झोपीच ऱ्हास." बोलण्यात राग नव्हता, त्या खरंच घाबरल्या होत्या. दवाखान्याचा धोशा त्यांनीच लावला.

जवळच्या दवाखान्यात बी-कॉम्प्लेक्सची सुई, सलाईन आणि "टेन्शन घेऊ नका" एवढं मिळालं. सलाईननंतर बरं वाटायचं, हे खरं. बहुधा तेवढा वेळ कुणी हाक मारत नव्हतं म्हणून. रक्त तपासा असं काही तिथे कुणी म्हणालं नाही.

वाट सापडली ती पाळीच्या तक्रारीवरून. स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडमनी पोटाची सोनोग्राफी केली, ती साफ होती. मग त्यांनी पापणी खाली ओढून बघितली, घोटभर पाणी प्यायला लावून गळ्याकडे बघत राहिल्या आणि हिमोग्लोबिन, फेरिटिन, टीएसएच लिहून दिलं. फेरिटिन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा. टीएसएच हा मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीचा थायरॉईडला, म्हणजे गळ्यातल्या ग्रंथीला, हुकूम. थायरॉईड काम करेनाशी झाली की हा हुकूम वाढत जातो, म्हणून आकडा जितका जास्त तितकं थायरॉईडचं काम कमी. साधारण ०.४ ते ४ च्या आसपास असावा असं धरतात. माझा २१ निघाला. हिमोग्लोबिन ९.६, जिथे बाईचं १२ च्या खाली गेलं की कमी मानतात. फेरिटिन तर तळाला.

पुढे धुळ्याला फिजिशियनकडे गेले. त्यांनी खुर्चीवर गुडघे टेकवून उभं केलं आणि टाचेच्या वरच्या शिरेवर छोटी हातोडी मारली. पाऊल झटक्यात हललं, पण जागेवर यायला रेंगाळलं. "बघा ताई, तुमचं पाऊलसुद्धा दमलंय," म्हणाले. थायरॉईड मंदावली की हा झटका असा हळू उतरतो. मला त्या रिपोर्टपेक्षा या पावलाने जास्त पटवलं.

आता मिठाचं. आमच्याकडे सैंधव उपासापुरतं असायचं. दिरांनी कुठेतरी वाचलं की पाकिटातल्या मिठात रसायनं असतात, आणि सैंधव रोजच्या फोडणीत आलं. माझी शंका लगेच तिथे गेली, कारण थायरॉईडला आयोडीन लागतं हे मी पाचवी-सहावीच्या पोरांना शिकवते. सातपुड्याच्या पायथ्याच्या बाजारात गळ्याशी गाठ असलेल्या म्हाताऱ्या लहानपणी पाहिल्यात. आशाताईकडे, म्हणजे आमच्या आशा कार्यकर्तीकडे, मीठ तपासायचं किट असतं, तिला घरी बोलावलं. दोन वाट्यांत चिमूट-चिमूट मीठ, वर द्रावणाचे थेंब. पाकिटातलं मीठ बघता बघता जांभळं झालं. सैंधव पांढरंच. दीर तिथेच उभे होते, काही बोलले नाहीत.

डॉक्टरांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी चिठ्ठीच्या मागे हिशोबच मांडला. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला २५० च्या आसपास. नियमाने मीठ आपल्या हाती येईपर्यंत त्यात १० लाख भागांना आयोडीनचे किमान १५ भाग असावे लागतात. म्हणजे ५ ग्रॅम मिठात ७५ मायक्रोग्रॅम, बाकीचं दूध, अंडी, मासे यांतून. डोंगराळ आणि पुराने धुपलेल्या जमिनीत आयोडीन उरत नाही, मग तिथल्या धान्यातही येत नाही. हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात १९५६ पासून डॉ. रामलिंगस्वामी यांनी आयोडीनच्या मिठाने गलगंड कमी होतो हे दाखवलं. १९६२ मध्ये देशाचा गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला तो याच विचारावर.

"पण तुमचं दुखणं मिठाचं नाही," असं म्हणत त्यांनी आणखी एक तपासणी लावली, अँटी-टीपीओ, म्हणजे थायरॉईडविरुद्ध शरीरात तयार झालेल्या अँटीबॉडीची. ती खूप वाढलेली आली. शरीराची संरक्षणव्यवस्था स्वतःच्याच थायरॉईडवर उठते, त्याला हाशिमोटो म्हणतात. १९१२ मध्ये हाकारू हाशिमोटो या जपानी डॉक्टरने त्याचं वर्णन केलं, त्याचंच नाव. आयोडीनचं मीठ मिळणाऱ्या भागात थायरॉईड मंद पडण्याचं नेहमीचं कारण हेच, आणि बायकांत ते पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त. लघवीतलं आयोडीन तपासू का, असंही मी विचारलं. ते म्हणाले, एका माणसाचा आकडा रोज वरखाली होतो, ती तपासणी गावच्या गाव पाहण्यासाठी ठीक.

माझ्या चुलतबहिणीने ऑनलाईन समुद्रशेवाळाच्या कॅप्सूल मागवून ठेवल्या होत्या, "नैसर्गिक आयोडीन" म्हणून. त्या डॉक्टरांनी सरळ बंद ठेवायला सांगितल्या. हाशिमोटोत जास्तीचं आयोडीन उलट नुकसान करू शकतं. आयोडीनचं साधं मीठ मात्र घरात परत आणा म्हणाले. माझ्यासाठी नव्हे, वयात येणाऱ्या लेकीसाठी. झाकणबंद डब्यात, शेगडीपासून लांब. सैंधव परत उपासाच्या बरणीत गेलं.

गोळीचं गणित मात्र वाटलं त्यापेक्षा किचकट. थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉईडच्या संप्रेरकाची गोळी, सकाळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर, आणि चहा त्यानंतर अर्धा-पाऊण तासाने. पहाटे आधण ठेवणारी मीच, सगळ्यांना कप देऊन आपण बघत बसायचं. आता गोळी उशाशी असते, जाग आली की आधी ती, मग आंघोळ, मग चहा. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी थायरॉक्सिनपासून किमान चार तास लांब हवी, नाहीतर थायरॉक्सिन पोटात नीट शोषलं जात नाही. औषधाच्या दुकानात दोन्ही पाकिटांवर "सकाळी १" असं एकाच दमात लिहून मिळालं. डॉक्टरांचं बोलणं कानात होतं म्हणून तिथेच खोडून घेतलं. लोह मी संध्याकाळी लिंबूपाण्याबरोबर घेते, चहाच्या वेळेपासून दूर.

मॅडमनी या दोन दुखण्यांची गाठ नीट समजावली. थायरॉईड मंदावली की पाळीत जास्त जातं, जास्त गेलं की लोह संपतं. आणि थायरॉईडला संप्रेरक बनवायलाही लोह लागतंच. म्हणून एकच बाजू धरून चालत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (एनएफएचएस-५, २०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांत रक्त कमी सापडलं. म्हणजे निम्म्याहून जास्त बायका थकलेल्या असायला थायरॉईडचीही गरज नाही.

आठवड्याभरात तरतरी येईल अशी घरच्यांची समजूत होती. हे औषध तसं नाही. डोस बदलला की सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच परत तपासायचं, त्याआधीचा आकडा खरा धरता येत नाही. माझा डोस एकदा वाढवावा लागला. थंडी वाजायची थांबली ती आधी, आवाज नंतर, केस सगळ्यात शेवटी. वजन थोडंच उतरलं, ते सगळं थायरॉईडचं नव्हतं हे कबूल.

हा आजार कुटुंबात असू शकतो म्हणून शहाद्याच्या बहिणीला तपासायला लावलं. तिचीही तीच रड होती, सकाळी उठवत नाही. तिचं टीएसएच २.३ आलं, अगदी व्यवस्थित. हिमोग्लोबिन ८.८. ती आता लोहाच्या गोळ्या घेते आणि मला फोनवर विचारते, "ताई, मग मला तुझी ती उपाशीपोटी गोळी नको ना?" नको म्हटलं, तुझा चहा तू पी. फक्त गोळी आणि चहा एकत्र नको.