स्कॉटलंडला उन्हाळ्यात येताय? डंकेल्डला चार दिवस राहा

जून ते ऑगस्टमध्ये मुलांकडे स्कॉटलंडला येणाऱ्या आईवडिलांची सहल बहुतेक वेळा ठरलेली असते: एडिंबराचा किल्ला, लॉख नेसवर बोट, स्काय बेट आणि उरलेला सगळा वेळ गाडीत. डोंगर खिडकीतून दिसतात, पण पाय रानात पडत नाहीत. त्यापेक्षा एक छोटं गाव धरून तिथेच चार दिवस पायी फिरावं. त्यासाठी पर्थशरमधलं डंकेल्ड उत्तम. एडिंबराहून इनव्हरनेसकडे जाणाऱ्या रेल्वेने साधारण दीड तास लागतो. स्टेशनचं नाव ‘डंकेल्ड अँड बर्नम’. प्रत्येक गाडी तिथे थांबत नाही, म्हणून परतीची वेळ आधीच बघून ठेवावी. स्टेशन बर्नमच्या बाजूला आहे. तिथून टे नदीवरचा दगडी पूल ओलांडला की डंकेल्ड. हा पूल टॉमस टेलफर्ड या अभियंत्याने बांधला, १८०९ मध्ये. जूनच्या अखेरीस सकाळी साडेचारला उजाडतं आणि रात्री दहापर्यंत प्रकाश असतो, त्यामुळे दुपारची झोप काढूनही भरपूर फिरणं होतं.

इथे पाय ठेवण्याआधी एक कायदा समजून घ्यायला हवा, कारण तो आपल्या सवयीच्या उलट आहे. २००३ च्या जमीन सुधारणा कायद्याने स्कॉटलंडमध्ये जवळजवळ सगळ्या जमिनीवर आणि तळ्या-नद्यांवर पायी, सायकलने, घोड्यावरून किंवा होडीतून जाण्याचा हक्क सगळ्यांना दिला आहे. मालक कोण, हे विचारावं लागत नाही. पण हक्काबरोबर जबाबदारी बांधलेली आहे. घराला लागून असलेली खासगी बाग त्यात येत नाही. उभ्या पिकातून चालायचं नाही, बांधावरून जायचं. वैरणीसाठी राखलेलं गवत उंच वाढलं की तेही पीकच समजायचं, ते तुडवलं की कापणी बिघडते. मोटारगाडी आणि मासेमारी या हक्कात नाहीत. एप्रिल ते जुलै माळरानावर टिटवीसारखे पक्षी जमिनीवरच अंडी घालतात, म्हणून त्या दिवसांत पायवाट सोडू नये.

शेताचं फाटक जसं दिसेल तसंच ठेवायचं. बंद असेल तर पार झाल्यावर बंद करावं. उघडं असेल तर उघडंच राहू द्यावं, कारण शेतकऱ्याने गुरांना पाण्यापर्यंत जाता यावं म्हणून ते मुद्दाम उघडं ठेवलेलं असू शकतं. चांगुलपणाने लावून घेतलेलं फाटक उन्हात जनावरांना तहानलेलं ठेवतं. कुलूप असेल आणि चढावंच लागलं, तर बिजागरीच्या बाजूने चढावं. तिथे फाटक सर्वांत भक्कम असतं, दुसऱ्या टोकाला वजन पडलं की ते वाकतं.

आणि गाय. गाय दिसली की हात लावून नमस्कार करावा ही आपली सवय, पण इथे ती आवरायलाच हवी. इथल्या मांसासाठी पाळलेल्या गायी वासरासकट मोकळ्या रानात असतात, त्यांना माणसाच्या हाताची सवय नसते. वासरू आणि आई यांच्या मधून कधीही जाऊ नये. पोळी किंवा केळं पुढे करू नये. लांब केसांच्या हायलँड गायीचा फोटो कुंपणाबाहेरूनच घ्यावा. कळप अंगावर येऊ लागला तर पळायचं नाही, शांतपणे कडेकडेने फाटकाकडे सरकायचं. सोबत कुत्रा असेल आणि गायी धावून आल्या तर त्याची दोरी सोडून द्यावी. तो निसटतो. गायींचा रोख त्याच्यावर असतो, माणसावर नाही.

कोकणातल्या माणसाला इथे एक गोष्ट लगेच ओळखीची वाटेल: गडगा. इकडे त्याला ड्रायस्टेन डाइक म्हणतात. चुना नाही, सिमेंट नाही. दोन बाजूंनी दोन भिंती वर निमुळत्या होत जातात, मधली पोकळी बारक्या दगडांनी ठासून भरलेली असते, ठरावीक उंचीवर आरपार जाणारे लांब दगड दोन्ही भिंतींना बांधून ठेवतात आणि माथ्यावर जड दगड उभे लावलेले असतात. माथ्याचा एक दगड निखळला की पुढच्या पावसाळी वाऱ्यात शेजारचे सैल होतात, म्हणून गडग्यावर चढू नये. त्याच्या फटींत रेन नावाचा अंगठ्याएवढा पक्षी घरटं करतो, बेडूक आणि मुंगसाच्या जातकुळीतला वाटावा असा लांबोडका स्टोट राहतो. दहा मिनिटं शांत उभं राहिलं तर काहीतरी हलतंच.

गावात फारशी पायपीट नाही. १६८९ च्या लढाईत डंकेल्ड जवळजवळ पूर्ण जळलं, त्यानंतर बांधलेली पांढरी छोटी घरं नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंडने १९५० च्या दशकात दुरुस्त करून वाचवली. चौकातल्या एका घराच्या भिंतीवर लोखंडी पट्टी ठोकलेली आहे, ती चुकवू नका. ती ‘एल’, कापड मोजायचं जुनं स्कॉटिश माप, ३७ इंच. आपल्या गजापेक्षा एक इंच जास्त. बाजारात विणकराने कापड कमी मोजलं तर गिऱ्हाईक सरळ भिंतीशी नेऊन ताडून बघू शकत असे.

कॅथेड्रलचा अर्धा भाग आजही चालू चर्च आहे, अर्ध्याला छप्पर नाही. जवळच नदीकाठी एक जुना लार्च उभा आहे, १७३८ मध्ये ऑस्ट्रियाच्या टिरोल भागातून आणलेल्या रोपांपैकी उरलेला. अथॉलच्या सरदार घराण्याने पुढे या परिसरातल्या डोंगरांवर लाखो लार्च लावले. लार्च ओळखणं सोपं आहे: सूचिपर्णी असूनही तो हिवाळ्यात पानं गाळतो, आणि उन्हाळ्यात त्याच्या मऊ हिरव्या सुया झुपक्यांनी येतात. इथून ब्रान नदीकाठच्या हर्मिटेज रानात गेलं की डग्लस फर भेटतात, काही ६० मीटरच्या आसपास उंच. पडलेली फांदी चुरगळून वास घ्यावा, मोसंब्याच्या सालीसारखा येतो. त्याच्या फळाच्या खवल्यांतून तीन टोकांच्या जिभा बाहेर डोकावतात, त्यावरून तो चटकन ओळखू येतो. डेव्हिड डग्लस याने हे बी उत्तर अमेरिकेतून १८२० च्या दशकात पाठवलं. त्याचा जन्म इथून जवळच, स्कोनचा. धबधब्यावर १७५७ मध्ये बांधलेला ऑसियन्स हॉल आहे, त्याच्या सज्जातून पाणी बघावं. खाली खडकांवर उतरू नये, शेवाळ ओलं असतं आणि ब्रानला ओढ जबर आहे.

झाडं देशोदेशी कशी फिरली याचा एक धागा आपल्याकडेही येतो. पुण्याजवळ दापोडीला कंपनी सरकारचं वनस्पती उद्यान होतं आणि १८४० च्या दशकात त्याचे प्रमुख होते अलेक्झांडर गिब्सन हे स्कॉटिश डॉक्टर. तिथे काढून घेतलेली वनस्पतींची रंगीत चित्रं आज एडिंबराच्या रॉयल बोटॅनिक गार्डनच्या संग्रहात आहेत. चित्रकाराचं नाव नोंदलेलं नाही, याची मनापासून हळहळ वाटते.

चार दिवसांतला एक पूर्ण दिवस लॉख ऑफ द लोजला द्यावा. डंकेल्डपासून तीनेक किलोमीटरवर हे तळं आहे, स्कॉटिश वाइल्डलाइफ ट्रस्टचं राखीव. इथे ऑस्प्रे हे मासे मारणारे शिकारी पक्षी घरटं करतात. भिगवणला हिवाळ्यात मासे उचलताना दिसतो तीच ही जात. फक्त इथले पक्षी हिवाळ्यासाठी पश्चिम आफ्रिकेत जातात, आपल्याकडे नाही. मार्चअखेर ते येतात, एप्रिलमध्ये अंडी, मेअखेर पिल्लं. जूनचा शेवटचा आठवडा ते जुलैचा मध्य सगळ्यांत चांगला: पिल्लं घरट्यावर पंख फडफडवून बघतात आणि नर सतत मासे आणत असतो. ऑगस्टच्या मध्यानंतर गेलात तर घरटं रिकामं सापडण्याची शक्यता जास्त. तांबड्या खारी माहिती केंद्राच्या खिडकीसमोर खायला येतात. झाडाचं खोड पेन्सिलीला टोक काढल्यासारखं कुरतडलेलं दिसलं तर ते बीव्हर या पाण्याकाठी राहणाऱ्या, झाडं कुरतडणाऱ्या प्राण्याचं काम. तो दिसतो तिन्हीसांजेला.

आता मिज. आपल्या चिलटांहून बारीक, चावते ती मादी, आणि एकटी कधीच नसते. ओलसर, ढगाळ, बिनवाऱ्याची पहाट किंवा संध्याकाळ हा तिचा वेळ. ताशी ११ किलोमीटरच्या वर वारा असला तर तिला उडता येत नाही, म्हणून डबा खायला तळ्याकाठची आडोशाची जागा न निवडता उघड्या टेकाडावर बसावं. गडद कपड्यांकडे ती जास्त येते. डोक्यावरची जाळी इथेच विकत घ्यावी, आपल्या मच्छरदाणीची भोकं तिला मोठी पडतात. पिकारिडिन हे कीटक दूर ठेवणारं औषध असलेलं मलम उघड्या अंगावर एकसारखं लावावं. राहिलेली एखादी पट्टी ती बरोबर शोधते. तिच्यापासून माणसाला इथे कोणताही रोग होत नाही, फक्त खाज येते. पश्चिम किनाऱ्यापेक्षा पर्थशरमध्ये त्रास कमी.

गोचीड मात्र गंभीरपणे घ्यावी, तिच्यामुळे लाइम हा जिवाणूंचा आजार होऊ शकतो. ती नेच्याच्या रानात आणि उंच गवतात टपलेली असते. पँट मोज्यात खोचावी. परत आल्यावर गुडघ्यामागे, जांघेत, काखेत, कमरेच्या पट्ट्याखाली आणि केसांच्या कडेला तपासावं. सापडली तर बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीच्या अगदी लगत धरून सरळ वर ओढावी. तेल, लोणी, पेटती काडी लावू नये, त्याने ती पोटातलं जखमेत ओकते. जागा धुवावी, तारीख लिहून ठेवावी. लाइमचं पुरळ सहसा एक ते चार आठवड्यांत पसरत जातं, क्वचित तीन महिन्यांनीही, आणि सावळ्या कातडीवर त्याची लाली उठून दिसत नाही. म्हणजे ते दिसेल तेव्हा तुम्ही नाशिकला किंवा सांगलीला परतलेले असाल. तिथल्या डॉक्टरांना स्कॉटलंडमध्ये गोचीड चावल्याचं आपण होऊन सांगावं. आपल्याकडे हा आजार सहज डोक्यात येत नाही.

मुलांच्या घरामागच्या बागेतही बघण्यासारखं बरंच असतं. हेजहॉग म्हणजे साळिंदर नव्हे, तो मूठभर काटेरी प्राणी रात्री गोगलगायी खात फिरतो. कुंपणाच्या तळाशी १३ सेंटिमीटर लांबी-रुंदीचं भोक ठेवलं की तो बागेबागेतून जाऊ शकतो. दूध-पाव देऊ नये, दूध त्याला पचत नाही आणि जुलाब होतात. मांजराचं मांसाहारी खाद्य आणि उथळ ताटलीत पाणी पुरे. भर दिवसा उघड्यावर पडलेला दिसला तर तो आजारी असतो. गवत कापण्याआधी काठीने हलवून बघावं. पक्ष्यांची खाद्यनळी आठवड्यातून एकदा धुऊन पूर्ण वाळवावी, एरवी ग्रीनफिंचला घशाचा आजार होतो. पिल्लांच्या दिवसांत अख्खे शेंगदाणे मोकळे ठेवू नयेत, ते पिल्लाच्या घशात अडकतात. ब्लू टिट या छोट्या पक्ष्याच्या घरट्याच्या पेटीला २५ मिलिमीटरचं भोक लागतं, चिमणीला ३२. दमून जमिनीवर बसलेल्या भुंग्याला दोन चमचे साखर एक चमचा पाण्यात विरघळवून थेंबभर द्यावी, मध देऊ नये, त्यातून मधमाश्यांचे रोग जातात.

नदीकाठी जुलैत गुलाबी फुलांचे माणसापेक्षा उंच ताटवे दिसतील आणि ओळख पटेल: हा तेरड्याचा भाऊ. हिमालयातून १८३९ मध्ये बागेसाठी आणलेला हा बाल्सम आता नदीकाठाने मोकाट पसरला आहे. शेंग तडकली की बी सात मीटरपर्यंत उडतं आणि प्रवाहाबरोबर खाली जातं. एका हंगामाचं झाड असल्याने हिवाळ्यात मरतं, काठ उघडा पडतो आणि माती वाहून जाते. म्हणून गावकरी जून-जुलैमध्ये, शेंगा धरायच्या आत, तो उपटायला जमतात, आणि पाहुण्यांचे दोन हात त्यांना हवेच असतात. मुळं उथळ असतात, मुळासकट येतो. तुटलाच तर सगळ्यांत खालच्या पेराच्या खाली तोडायचा, वर तोडला की त्या पेरातून पुन्हा फुटतो. उपटलेला ढीग पाण्यापासून दूर कोरड्या जागी रचायचा.