आयोनाची वाट

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या ओबानहून बोट पाऊण तासात आइल ऑफ मल बेटावर क्रेगन्यूरला पोचवते. तिथून फिनफोर्ट, म्हणजे आयोना बेटाची बोट सुटते ते गाव, साठेक किलोमीटर. बहुतेक लोक बसने जातात, मी चालत गेले. ख्रिस्ती संत कोलंबा सन ५६३मध्ये आयर्लंडहून आयोनावर उतरले, तेव्हापासूनचं हे तीर्थाचं ठिकाण. तिथे पायीच जावं असं मनाने घेतलं होतं.

रस्ता बहुतेक एकेरी, गाड्यांना बाजू द्यायला मधे मधे रुंद केलेला. उजव्या कडेने चालावं, म्हणजे समोरचं वाहन दिसतं. कडेच्या गवतावर भरवसा ठेवू नये, खाली दलदल असते. ग्लेन मोरच्या दरीत वारा पडला की मिज घेरतात, चिलटांहून बारीक आणि चावऱ्या. नाम घ्यायला तोंड उघडणंही नको होतं. डोक्याला जाळी लागतेच, आणि विसावा घ्यायचा तो वारा लागेल अशा उंचवट्यावर, ओढ्याकाठी नाही.

बनेसन गावाच्या अलीकडे टाच गेली. दिवसभर भुरभुर पाऊस, मोजे ओले. ओल्या मोज्यात कातडी फुगून मऊ होते आणि डांबरी रस्त्यावर पाय दर पावलाला त्याच जागी घासतो. कातडी चुरचुरली तेव्हाच थांबून पट्टी लावायची असते, फोड आल्यावर उशीर झालेला असतो. आलाच आणि ठणकत असेल तर सुई ज्योतीवर धरून गार करावी, कडेला दोन ठिकाणी टोचून पाणी काढावं, वरची कातडी मात्र सोलू नये. तीच झाकण. कोरडं करून, जंतुनाशक लावून पट्टी, आणि पट्टीचे कोपरे गोल कापलेले, नाहीतर मोज्यात गुंडाळून निघते.

पट्टी लावत भिंतीवर बसले होते. कुंपण दुरुस्त करणारे एक आजोबा आले. पाय पाहिला, बोलले काहीच नाहीत. तारेला अडकलेली मेंढीची लोकर ओढून काढली, तिच्यातल्या काटक्या वेचून टाकल्या, बोटांनी पिंजून चपटी केली आणि हातात दिली. मग स्वतःच्या टाचेवर बोट ठेवून दाखवलं: पट्टीवर, मोज्याच्या आत. लोकरीला मेणचट ओशटपणा असतो, त्यामुळे घर्षण कमी होतं, आणि चालता चालता ती दाबून टाचेच्या आकाराची होते. उघड्या जखमेवर मात्र ठेवायची नाही. उरलेले नऊ किलोमीटर त्या लोकरीवर झाले. माउली भेटते ती अशी.

जवळच्या स्टाफा बेटावरची फिंगलची गुहा बोटीतून पाहिली; आपल्या सह्याद्रीसारखाच बेसॉल्ट, फक्त खांबाखांबांचा.

फिनफोर्टहून आयोना दहा मिनिटं. पाहुण्यांच्या गाड्या पलीकडे नेत नाहीत, फार चांगलं आहे. गुलाबी दगडाचा जोगिणींचा मठ, आठव्या शतकातला सेंट मार्टिनचा क्रूस, मोठा मठ. बसने आलेले गट एवढंच पाहून परतीच्या बोटीला धावतात आणि मठाच्या दारात रेटारेटी होते. मला त्याचा त्रास झाला. कोलंबा उतरले ती जागा मठाजवळ नाहीच, बेटाच्या दक्षिण टोकाला आहे.

धक्क्यावरून डावीकडे किनाऱ्याने, मग रस्त्याने बेट ओलांडून पश्चिमेच्या गवताळ माळावर. तिथून दक्षिणेला चढणीची पायवाट लॉख स्टॉनिगच्या कडेने जाते. तळ्यापाशी चिखल घोट्यापर्यंत येतो, उंच बूट हवेतच. जाऊन-येऊन तीन तास धरावेत. ही वाट कोलंबा उतरले त्या खाडीत पोचते. ओहोटीला तिथे जास्त गोटे उघडे पडतात, ओले असताना त्यांतले हिरवे चटकन ओळखू येतात.

इथली रीत अशी की दोन गोटे उचलायचे. मागे टाकायचं असेल ते मनात धरून एक समुद्रात टाकायचा, दुसरा पुढच्या वाटेसाठी जवळ ठेवायचा. मी टाकला आणि मोठ्याने रामकृष्णहरी म्हटलं. लाटांचा आवाज इतका होता की संकोच वाटलाच नाही.

जोराचा वारा आणि लाटा असल्या की फिनफोर्टची छोटी बोट बंद राहते. म्हणून आयोना सोडायचा तो दिवस आणि ओबानच्या बोटीचा दिवस यांत एक मुक्काम मोकळा ठेवावा.