उंदीर कुठाय?

रात्री पुस्तक काढलं की धाकटी येऊन मांडीत बसते, मोठा माझ्या खांद्यावरून डोकावतो आणि पहिलं पान उघडायच्या आधीच दोघांचं सुरू, आई उंदीर कुठाय, उंदीर कुठाय. पुस्तक म्हणजे मार्गारेट वाइज ब्राउनचं गुडनाइट मून, १९४७ सालचं, चित्रं क्लेमंट हर्डची. गोष्ट अशी फार नाहीच, सशाचं पिल्लू झोपायच्या आधी खोलीतल्या एकेका वस्तूचा निरोप घेतं, बस एवढंच. मी तिथल्या तिथे मराठीत सांगत जाते.

आधी मी भराभर वाचून मोकळी व्हायचे, दोन मिनिटांत पुस्तक बंद, लाइट बंद. मग एकदा धाकटीने पान उलटूच दिलं नाही, पंजा दाबून धरला पानावर, आणि दुसऱ्या हाताचं बोट एका इवल्याशा उंदरावर. मला तोवर दिसलाच नव्हता तो! आता माहितीये, खोलीच्या प्रत्येक रंगीत चित्रात तो असतो आणि दरवेळी जागा बदलतो. मोठ्याला नुकतंच घड्याळ कळायला लागलंय, त्याने शोधलं की चित्रातलं घड्याळ पण चालतं, सातला सुरू होतं आणि शेवटी आठ वाजून दहा मिनिटं. आणि खोली कशी, एकदम अंधारत नाही, पानागणिक थोडी थोडी. मग माझा आवाजही आपोआप खाली येतो, शेवटच्या पानांवर तर आम्ही तिघं कुजबुजतच असतो, आणि तिथे खोली काळोखी झाली तरी खेळण्यातल्या घराच्या खिडक्यांत उजेड असतो, तो मला फार आवडतो. खरंच जादू आहे त्या चित्रांत.

मोबाइलवर दाखवून बघितलं होतं, नाही जमत, बोट लावलं की चित्र मोठं होतं आणि मग मुलं तेच करत बसतात. कागदच हवा.

मध्ये एक पान अख्खं कोरं आहे, तिथे कुणीच नाही आणि त्या कुणीच-नाहीचा पण निरोप घेतात. धाकटी त्या कोऱ्या पानावरून हात फिरवते, गाल थोपटावा तसा.

काल उंदीर शोधता शोधताच तिचा डोळा लागला. मी पान उलटायला गेले तर मोठा माझ्या कानात म्हणाला, आई थांब ना, तिचा उंदीर सापडायचाय अजून, उद्या इथूनच.