तुम्ही विचारलंत म्हणून: चित्रांतून शिकणाऱ्या मुलासाठी कोणते गणित?

माझी मुलगी शाळेत न जाता घरीच शिकते हे ठाऊक असलेले कोल्हापुरातील पालक मला एक प्रश्न वारंवार विचारतात. त्यांचे मूल सहा-सात वर्षांचे आहे, तेही घरीच शिकते, चित्र दाखवले की त्याला चटकन उमगते, पण आकड्यांची वही उघडली की ते उठून जाते. अशा मुलासाठी गणित शिकवण्याची सिंगापूर पद्धत घ्यावी, मॉन्टेसरीचे साहित्य आणावे, मणी सरकवून हिशेब करायच्या अबॅकसचा क्लास लावावा, की बालभारतीचे पुस्तक पुरे? माझे उत्तर असे, की पुस्तक कोणतेही घ्या, पण त्यातील चित्र मुलाला स्वतःच्या हाताने मांडता आणि काढता आले पाहिजे, आणि तेच चित्र पुढची काही वर्षे कामी आले पाहिजे.

‘व्हिज्युअल लर्नर’, म्हणजे पाहून शिकणारे मूल, हा शिक्का मी फारसा मानत नाही. ज्याच्या त्याच्या शैलीप्रमाणे शिकवले तर मूल अधिक चांगले शिकते या समजुतीला पुरेसा पुरावा नाही, असा निष्कर्ष मानसशास्त्रज्ञ हॅरॉल्ड पॅशलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये उपलब्ध संशोधन तपासून काढला. आधी वस्तू, मग चित्र आणि शेवटी चिन्ह हा क्रम अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांच्या विचारातून सिंगापूरच्या गणितात आला आणि तो सर्वच मुलांना लागतो. तुमचे मूल मधली पायरी गाळायला नकार देते एवढेच, आणि तो नकार मला रास्त वाटतो.

सुरुवात मी शंभर मण्यांच्या माळेने करते: दहा लाल, दहा पांढरे, पुन्हा दहा लाल. मणी आणि दोरा महाद्वार रोडवर सहज मिळतात, महागडा संच लागत नाही. मराठीत बावन्न म्हणताना दोन आधी ऐकू येतात, म्हणून मूल २५ लिहून मोकळे होते. एकोणपन्नासमध्ये तर चारचा मागमूसही नसतो. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात एकवीस, बावीससाठी ‘वीस एक, वीस दोन’ असे वाचन दिले तेव्हा त्यावर मोठा वाद झाला. माळेवर मात्र पाच रंगपट्टे संपण्याच्या अलीकडचा मणी म्हणजे एकोणपन्नास हे बोट ठेवताच दिसते, आणि चार दशक व नऊ एककही तिथेच मोजता येतात.

त्यानंतर चौकटींची वही. २३ × १४ शिकवताना तेवीस चौकटी लांब आणि चौदा रुंद असा आयत मुलाने आखावा, वीस व तीन आणि दहा व चार असे त्याचे भाग पाडावेत. मग २००, ८०, ३० आणि १२ हे चार तुकडे समोर येतात आणि बेरीज ३२२ होते. पुढे अपूर्णांकांचा गुणाकार, आणि त्याहीपुढे बीजगणितातील कंसांचा गुणाकार याच आयतात बसतो, म्हणून मी त्याला इतके महत्त्व देते.

शाब्दिक उदाहरणांसाठी पट्ट्या काढाव्यात. दोन शेतकऱ्यांनी मिळून मार्केट यार्डात गुळाचे ४० रवे आणले आणि एकाचे १२ जास्त असतील, तर एक आखूड आणि एक लांब पट्टी काढायची, लांब पट्टीतले १२ बाजूला काढायचे, उरलेल्या २८ चे दोन सारखे भाग करायचे. १४ आणि २६ हे उत्तर सात-आठ वर्षांचे मूल समीकरणाशिवाय काढते.

अबॅकसच्या क्लासने हिशेबाचा वेग वाढतो, पण आयत किंवा अपूर्णांक त्यातून कळत नाही, म्हणून लहान वयात मी तो सुचवत नाही. मोबाइलवरच्या व्हिडिओत चित्र दुसऱ्यानेच काढलेले असते. मूल ते पाहते आणि विसरते. पाढे मात्र पाठ हवेतच, कारण आयताचे तुकडे मोजताना दर वेळी अडखळणारे मूल त्या चित्रालाच कंटाळते.

आकड्यांची रीत केव्हा आणावी, असेही तुम्ही विचारता. मुलाने तुमच्या मदतीशिवाय आयत काढून त्यातला प्रत्येक तुकडा कुठून आला हे सांगितले, की त्याच पानावर शेजारी उभी मांडणी लिहून दाखवावी आणि हातचा कोणत्या तुकड्यातून आला ते त्यालाच शोधू द्यावे. ते सापडेपर्यंत दोन्ही मांडण्या शेजारी-शेजारी ठेवाव्यात, मग त्याला महिने लागले तरी चालतील.