तिंडी आय्ता?

बेंगळुरूतल्या चार दिवसांपैकी तीन ऑफिसच्या कामात आणि ट्रॅफिकमध्ये गेले. चौथ्या दिवशी सकाळी मेट्रोने संपिगे रोडला उतरले आणि मल्लेश्वरम या जुन्या वस्तीत शिरले.

संपिगे म्हणजे सोनचाफा. शेजारचा रस्ता मार्गोसा, म्हणजे कडुनिंबाचा. आठव्या क्रॉसवर, म्हणजे आठव्या आडव्या रस्त्यावर, फुलं, भाज्या आणि स्कूटरी यांच्या गर्दीने जीव नकोसा झाला, म्हणून आतल्या क्रॉसकडे वळले. तिथे कौलारू बैठी घरं, अंगणात नारळ, आणि घरांच्या पाठीमागे एक अरुंद बोळ. 1898च्या प्लेगनंतर जुन्या पेठांतल्या दाटीतून निघालेली माणसं या नव्या आखणीच्या वस्तीत आली. हे बोळ सफाईसाठी ठेवलेले. मोकळ्या हवेचा तो विचार मला फार पटला. पण मैला उचलणाऱ्यांनी घरासमोरून न जाता या बोळातूनच जायचं, हेही त्याच आखणीत होतं, हे लक्षात आल्यावर तिथे उभं राहवेना.

क्रॉस मोजता मोजता चुकले आणि एका घराच्या पायरीवर टेकले. आतून एक आजी आल्या. मला वाटलं, उठवणार. त्यांनी विचारलं, "तिंडी आय्ता?" नाश्ता झाला का! मी नाही म्हणून मान हलवली, तर हाताला धरून आत नेलं. स्टीलच्या पेल्यात फिल्टर कॉफी आणि वाटीत दोन चकल्या. त्या म्हणाल्या चक्कुली, मी म्हणाले चकली, आणि दोघी हसलो. माझी कन्नड शून्य, त्यांची हिंदी तुटकी. समोरच्या प्लॉटवर हिरवी जाळी लावलेली इमारत उठत होती. त्या बोटांवर मोजत राहिल्या: हे घर गेलं, ते गेलं, कोपऱ्यावरचं पुढच्या वर्षी जाणार. त्यांची मुलं कुठे असतात, हे विचारायचा मला धीर झाला नाही.

मी महाराष्ट्रातली म्हटल्यावर त्या एकदम म्हणाल्या, "एकोजी! देवस्थाना!" आणि काडु मल्लेश्वराच्या देवळाच्या दिशेने हात केला. एकोजी म्हणजे व्यंकोजीराजे, शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ. बेंगळुरू शहाजीराजांची जहागीर होती, एवढं शाळेत वाचलेलं. पण या देवळाला व्यंकोजींनी मेदरनिंगनहळ्ळी गाव दिल्याची 1669ची नोंद इथल्या शिलालेखात आहे, हे मला ठाऊक नव्हतं. ज्या पेठेला आपण परकी समजून आलो, तिचं नावच ज्या देवळावरून पडलं, तिथे आपल्या घरातलं नाव निघालं. देवळात मी बराच वेळ बसून राहिले.

इथला प्रसिद्ध बेण्णे दोसे, म्हणजे लोण्याचा डोसा, मात्र राहिला. हॉटेलबाहेर भलीमोठी रांग होती, आणि माझं पोट कॉफी-चकलीने भरलेलं होतं.