हात न टेकता उठा

म्हातारपण गुडघ्यांत येतं म्हणतात. खरं तर ते आधी मांड्यांत येतं. चाळिशीनंतर स्नायू हळूहळू झडतात, आणि ते कळतं खुर्चीतून उठताना हात आपोआप टेकला जातो तेव्हा.

चाकं नसलेली, साधारण ४३ सेंटीमीटर उंचीची खुर्ची भिंतीला टेकवा. पुढच्या कडेला बसा, टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे घ्या, हात छातीवर. नाक पायाच्या बोटांवर येईपर्यंत पुढे झुका, मगच उठा. न झुकता उठायला गेलं की माणूस मागे कलंडतो आणि दोष गुडघ्यांना देतो! बसताना तीन आकडे मोजा. धपकन बसलात तर निम्मा व्यायाम वाया, कारण सावकाश खाली येतानाही मांडीला काम पडतं. उठताना श्वास सोडा. रोखला तर रक्तदाब चढतो.

८ ते १० वेळा, अशा दोन फेऱ्या, मध्ये मिनिटभर विश्रांती. जमत नसेल तर बुडाखाली घट्ट उशी घ्या. मांडी भरून आली तर चालेल, गुडघ्यात टोचलं तर थांबा.

वेळ? सकाळी दात घासून झाले की लगेच. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करू नका.