तीन बाटल्यांची बेरीज

पावलांना सतत मुंग्या येऊ लागल्या, तेव्हा डॉक्टरांनी मला पहिला प्रश्न विचारला तो गोळ्यांचा. त्या रात्री मी घरातल्या तीन बाटल्या टेबलावर मांडल्या आणि त्यांच्या पाठीवरचा बारीक मजकूर वाचू लागले. एक मल्टिव्हिटॅमिनची, दुसरी बी-कॉम्प्लेक्सची आणि तिसरी मॅग्नेशियमची. या तिसरीतही बी-६ हे जीवनसत्त्व घातलेले आहे, हे मला तोवर ठाऊक नव्हते. कागदावर बेरीज केली, ती दिवसाला ११० मिलिग्रॅम भरली. प्रौढ माणसाची बी-६ची रोजची गरज साधारण १.३ मिलिग्रॅम असते. अमेरिकेत त्याची कमाल मर्यादा १०० मिलिग्रॅम मानतात, तर युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२३ मध्ये ती १२ मिलिग्रॅम ठरवली. बी-६ दीर्घकाळ जास्त प्रमाणात घेतल्यास मज्जातंतूंना इजा होते, आणि मी तर ते उदास मनाला उभारी यावी म्हणून घेत होते.

जीवनसत्त्वांचा मनाशी संबंध नाही, असे मात्र मला म्हणायचे नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या दक्षिण भागात पेलाग्रा या रोगाने भ्रमिष्ट झालेले कितीतरी लोक मनोरुग्णालयांत भरती होते. हा रोग संसर्गजन्य नसून निकृष्ट आहारामुळे होतो, हे डॉक्टर जोसेफ गोल्डबर्गर यांनी १९१४ पासून प्रयोगांनी दाखवले, आणि १९३७ मध्ये नियासिन, म्हणजे बी-३, हा त्यावरचा इलाज असल्याचे स्पष्ट झाले. बी-१२चेही तसेच आहे. ते कमी पडले की विसराळूपणा, चिडचिड, नैराश्य, क्वचित भासही होतात, आणि कधीकधी हे सारे रक्तक्षय दिसण्याआधीच सुरू होते. प्राणिजन्य पदार्थ पूर्णपणे वर्ज्य करणाऱ्यांनी, तसेच मेटफॉर्मिन हे मधुमेहाचे औषध किंवा आम्लपित्ताच्या गोळ्या वर्षानुवर्षे घेणाऱ्यांनी बी-१२ची तपासणी टाळू नये. इथे एक धोका आहे: नुसते फॉलिक अ‍ॅसिड, म्हणजे बी-९, भरपूर घेतले तर रक्ताचा अहवाल सुधारतो, पण बी-१२अभावी मज्जातंतूंची हानी आतून चालूच राहते.

माझी गफलत पुढच्या पायरीवर झाली. कमतरता असलेल्याला ज्याने बरे वाटते, त्याने कमतरता नसलेल्यालाही अधिक बरे वाटेल, असे मी मनाशी ठरवून टाकले होते. ड जीवनसत्त्वाच्या बाबतीत हे तपासलेही गेले आहे. अमेरिकेत पन्नाशी ओलांडलेल्या १८,००० हून अधिक लोकांवर झालेल्या चाचणीत काहींना सुमारे पाच वर्षे रोज २,००० युनिट ड जीवनसत्त्व आणि इतरांना तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी देण्यात आली. २०२० मध्ये निष्कर्ष आले तेव्हा नैराश्याच्या प्रमाणात दोन्ही गटांत फरक आढळला नाही. हाडांसाठी कुणाला ड लागत असेल तर ती गोष्ट वेगळी.

माझ्या रक्ततपासणीत बी-१२ आणि ड दोन्ही पुरेसे निघाले. कमी होते ते फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, ज्याची भर माझ्या तिन्ही बाटल्यांपैकी एकीतही नव्हती. लोह कमी असले की येणारा थकवा नैराश्यासारखाच भासतो, तरी तपासणीवाचून लोह घेऊ नये, कारण जादा लोह शरीराला सहज बाहेर टाकता येत नाही.

बी-६ बंद केल्यावर मुंग्या ओसरायला चार महिने लागले. आता लोहाची एकच गोळी चालू आहे आणि तीन महिन्यांनी फेरिटिन पुन्हा तपासायचे आहे. मनोविकारतज्ज्ञांनी दिलेले औषध, जे या बाटल्यांच्या भरवशावर मी सोडायला निघाले होते, तेही चालू आहे.